मिश्रणाची गणितं: क्रॉस नंतर, आधी समीकरण

बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या तयारीला नवीन लागलेली पोरं मिश्रणाचं चॅप्टर आलं की थेट अ‍ॅलिगेशनचा क्रॉस काढायला घेतात, म्हणजे दोन टक्केवारी किंवा भाव वर, हवा तो आकडा मधे, आणि तिरप्या वजाबाकीने मिसळायचं प्रमाण. माझं म्हणाल तर तो क्रॉस थोडे दिवस बाजूला ठेवा, कारण गणित जरा फिरवून आलं की कुठला आकडा कुठे टाकायचा हेच कळेनासं होतं.

मी आधी एवढंच बघायचो की यात बदलत काय नाहीये. 40 लिटर मिश्रणात दूध-पाणी 3:1 आहे, किती पाणी टाकलं की 3:2 होईल? दूध 30 लिटर, त्याला कोणी हात लावलेला नाही, मग पाणी हवं 20, आहे 10, टाका अजून 10. क्ष पण लागला नाही.

ताज्या द्राक्षात 80 टक्के पाणी, बेदाण्यात 15 टक्के, तर 68 किलो द्राक्षांचा बेदाणा किती? इथे पाणी उडतं पण गर तेवढाच राहतो, 68 चे 20 टक्के म्हणजे 13.6 किलो, आणि हाच गर बेदाण्याच्या 85 टक्के आहे, म्हणून 0.85क्ष = 13.6, क्ष = 16 किलो. तासगावकडच्या पोरांना हे पटकन पटतं, साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा हा हिशोब घरचाच असतो ना!

दोन द्रावणं एकत्र करायची असली की शुद्ध माल मोजायचा. 20 टक्के आणि 50 टक्के अ‍ॅसिड मिसळून 30 टक्क्यांचं 30 लिटर हवंय, 20 टक्केवालं क्ष लिटर धरा, शुद्ध माल हवा 30 चे 30 टक्के म्हणजे 9: 0.2क्ष + 0.5(30 − क्ष) = 9, क्ष = 20. म्हणजे 2:1. आता क्रॉस काढून बघा, (50 − 30) : (30 − 20), तेच आलं, क्रॉस म्हणजे हेच समीकरण आवळून लिहिलेलं. नुसतं पाणी असेल तर 0 टक्के धरा, शुद्ध असेल तर 100.

काढा-आणि-पाणी-टाका वाल्यात वजाबाकी करत बसू नका. 40 लिटर दुधातून 4 लिटर काढून तेवढंच पाणी, असं तीनदा केलं तर दरवेळी दूध नऊ दशांश उरतं, 40 × 0.9 × 0.9 × 0.9 = 29.16 लिटर, 28 नाही.

आणि नफा आला की सावध. 40 आणि 60 रुपये किलोचा तांदूळ मिसळून 54 ने विकला, नफा 20 टक्के, तर दोन्ही कुठल्या प्रमाणात मिसळले? आधी खरेदी किंमत काढा, 54 ÷ 1.2 = 45, मग प्रमाण 3:1. घाईत 54 च टाकलं तर 3:7 येतं, आणि ते ऑप्शनमध्ये असतंच.