हाय-रिझोल्यूशन फुल-फ्रेम मिररलेस घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) निवडायच्या आधीच होते. सध्याच्या कॅमेऱ्यातले फोटो शंभर टक्के मोठे करून पाहिले की सॉफ्ट (धूसर) दिसतात, आणि त्यावरून ‘आता जास्त मेगापिक्सेल हवेत’ असं ठरतं. पण तो सॉफ्टपणा हात हलल्याचा किंवा फोकस चुकल्याचा असेल, तर ६१ मेगापिक्सेलचा सेन्सर तोच दोष जास्त ठळक दाखवेल. म्हणून आधी दोष कुठला ते ओळखा.

सॉफ्टपणा कशामुळे?

पोर्ट्रेटमध्ये डोळ्यातला चमकता ठिपका पूर्ण मोठा करून बघा. ठिपक्याची रेघ झाली असेल तर हात किंवा माणूस हललाय. ठिपका गोलच आहे पण पसरलाय, आणि मागचा कान मात्र धारदार आहे, तर फोकस मागे गेलाय. कडा दुहेरी दिसत असतील आणि शटर स्पीड १/३० ते १/१२५ च्या आसपास असेल, तर शटरच्या धक्क्याचा संशय घ्या आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फोटोची सुरुवात शटरच्या पडद्याऐवजी सेन्सरच करतो ती सेटिंग) सुरू करून पुन्हा काढा. पूर्ण फ्रेम सारखीच सॉफ्ट आहे आणि अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ आहे, तर ते डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं. एफ/१६ ला प्रकाशाचा ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा होतो आणि ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ३.८ मायक्रॉनचा असतो. या सेन्सरवर एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहिलं तर मोजलेल्या पैशांचा तपशील हाती लागतो.

एकच कोपरा सॉफ्ट असेल तर दूरचं दृश्य घेऊन एक फोटो सरळ आणि एक कॅमेरा उलटा धरून काढा. दोन्ही वेळा फ्रेमचा तोच कोपरा सॉफ्ट आला तर बहुधा लेन्समधली एखादी काच सरकलेली आहे. बॉडी बदलून हे सुधारत नाही.

आता हाताची परीक्षा. ८५ एमएमची लेन्स घ्या, भरपूर उजेडात बारीक छपाईचा कागद भिंतीवर लावा. ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद करून, २ सेकंदांच्या टायमरने एफ/५.६ ला एक फोटो काढा. हा तुमचा नमुना. मग स्टॅबिलायझेशन सुरू करून हातात धरून १/८०, १/१६० आणि १/३२० ला प्रत्येकी दहा फोटो काढा आणि किती नमुन्याइतके धारदार आले ते मोजा. २४ मेगापिक्सेलवरच १/८० ला निम्मे वाया जात असतील, तर ६१ वर १/३२० च्या खाली उतरू नका. म्हणजे त्याच उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० चा ४०० होणार. ही किंमत आधीच हिशेबात धरा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं. समोरचं मूल हललं तर त्याचा काही उपयोग नाही.

आकड्यांना भुलू नका

६१ आणि ४५ मेगापिक्सेलमध्ये वाटतं तेवढं अंतर नाही. सोनी ए७आर ५ ची फ्रेम ९५०४ पिक्सेल रुंद, निकॉन झेड ८ ची ८२५६. रुंदीत फरक फक्त १५ टक्के. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर ३१.७ इंच आणि २७.५ इंच. भिंतीवर टांगलेल्या प्रिंटमध्ये हा फरक ओळखणारा विरळाच. क्रॉपमध्ये मात्र फरक कामाचा आहे: एपीएस-सी क्रॉपनंतर (फ्रेमचा फक्त मधला छोटा भाग वापरल्यावर) ६१ चे २६ मेगापिक्सेल उरतात, ४५ चे १९-२०, आणि कॅननचा क्रॉप १.६ पट असल्यामुळे आर५ वर सुमारे १७.

नॉइजची (फोटोतल्या दाण्यांची) तुलना दोन्ही फाइल शंभर टक्क्यांवर ठेवून करू नका. दोन्ही एकाच आकाराला आणा, मगच बघा. ६१ ची फाइल ‘जास्त दाणेदार’ असल्याचा बराचसा गैरसमज तिथेच गळून पडतो.

सेन्सर किती वेगाने वाचला जातो

निवडीत सगळ्यात दुर्लक्षित राहणारी आणि खरं तर पहिल्यांदा पाहायची गोष्ट हीच. ए७आर ५ चा सेन्सर स्टॅक्ड (थरांचा, झटपट वाचला जाणारा) नाही. सायलेंट मोडमध्ये (फक्त इलेक्ट्रॉनिक शटर) पूर्ण फ्रेम वाचायला त्याला साधारण दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात बॅट वाकडी होते, धावत्या गाडीतून दिसणारे खांब तिरके होतात आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. म्हणून या बॉडीवर हलत्या विषयासाठी मेकॅनिकल शटरच वापरा. झेड ८ आणि कॅनन आर५ मार्क २ चे सेन्सर स्टॅक्ड आहेत, त्यांच्यावर ही अडचण फारच कमी. झेड ८ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही. याउलट सिग्मा एफपी एल मध्येही मेकॅनिकल शटर नाही, पण सेन्सर हळू आहे. लग्न किंवा खेळ टिपणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सोनी ए७सीआर घेताना आणखी एक बघा: तिच्यात इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनच आहे, पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, आणि कार्डची जागाही एकच. एफ/१.४ ला १/२००० च्या पुढे गेलं की मागचे प्रकाशाचे गोल कापल्यासारखे दिसू लागतात. ए७आर ५ वर पूर्ण मेकॅनिकल शटर लावून हे टाळता येतं.

कापड, लेन्स, कार्ड

बारीक विणीचं कापड सतत टिपत असाल तर लो-पास फिल्टरची (अतिबारीक नक्षी किंचित पुसट करणारी सेन्सरपुढची काच) चौकशी करा. ए७आर ५ आणि झेड ८ मध्ये तो नाही, त्यामुळे सूट किंवा साडीच्या विणीवर रंगीत लहरी उमटू शकतात. कॅनन आर५ मध्ये फिल्टर आहे. लहरी दिसल्याच तर थोडं पुढे-मागे सरका किंवा अपर्चर एफ/११ पर्यंत नेऊन बघा. नंतर एडिटिंगमध्ये त्या काढताना कापडाचा खरा रंगही जातो.

जुनी लेन्स नव्या सेन्सरवर बिघडत नाही, फक्त अपेक्षेइतका फायदा देत नाही. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा) ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या लेन्समध्ये मोटर नसते आणि अडॅप्टरमध्येही नाही. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात.

६१ मेगापिक्सेलची अनकॉम्प्रेस्ड रॉ (कच्ची, न दाबलेली) फाइल सुमारे १२० एमबी. ५०० फोटो म्हणजे ६० जीबी. लॉसलेस कॉम्प्रेस्ड (तपशील न गमावता लहान केलेली) निवडा. ए७आर ५ वर त्यात २६ मेगापिक्सेलचा पर्यायही मिळतो. एडिटिंगसाठी १६ बिटची टिफ फाइल काढली की एकेक सुमारे ३६१ एमबीची होते आणि लेयर वाढतील तशी फुगत जाते. कार्ड घेताना टाइप बघा: सोनी ए७आर ५ सीएफएक्सप्रेस टाइप ए घेते, झेड ८ आणि आर५ टाइप बी. ही कार्डं एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

पिक्सेल शिफ्टचा (सेन्सर किंचित सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र जोडणं) २४० मेगापिक्सेलचा आकडा वाचून ए७आर ५ घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा: त्यासाठी १६ फोटो लागतात, ते नंतर कॉम्प्युटरवर जोडावे लागतात आणि मधेच पान जरी हललं तरी त्या जागी जाळीदार डाग उमटू शकतो. चित्रं, हस्तलिखितं, नाणी यांसाठी ते उत्तम आहे. बाहेर वाऱ्यात वापरायचं असेल तर फोर-शॉट मोड लावा, सोबत एक साधा फोटोही काढून ठेवा आणि जिथे डाग पडेल तिथे त्यातला तुकडा बसवा.