हाउसमदर: शब्द कुठं वापरायचा, काम कसं करायचं

माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘गृहमाता’ होतं. मुली मात्र ‘अक्का’ म्हणायच्या. बेळगावातल्या मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं राहिले. आता या कामावर नव्यानं येणाऱ्या बायका पहिल्यांदा हेच विचारतात, की हाउसमदर म्हणजे नेमकं कोण?

परक्या मुलांचं घर चालवणारी बाई. लंडनजवळ बार्किंगसाइडला डॉ. बर्नार्डोंनी १८७६ मध्ये अनाथ मुलींसाठी लहान लहान घरं उघडली, एकेका घराला एकेक ‘मदर’. शंभर खाटांच्या दालनापेक्षा चुलीभोवतीचं घर बरं, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या निवासावर देखरेख करणाऱ्या बाईलाही हाच शब्द. म्हणून मराठीत लिहिताना आधी जागा बघा. बालगृहातली असेल तर गृहमाता. कॉलेजच्या वसतिगृहातली असेल तर रेक्टर. महाराष्ट्रातल्या सरकारी वसतिगृहात गृहपाल, इकडे कर्नाटकात वॉर्डन. ‘गृहिणी’ कधीच लिहू नका, ती स्वतःचं घर सांभाळते.

हा शब्द आपल्याकडे रुळायच्या आधीही काम होतंच. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांना ‘रयतमाउली’ लोकांनी म्हटलं.

आईचं नाव लोकांनी द्यायचं असतं, आपण घ्यायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. खानापूरकडची एक नऊ वर्षांची पोर पहिल्या रात्री पत्र्याची ट्रंक कवटाळून बसलेली. मी जवळ घेऊन म्हटलं, "आता मीच तुझी आई." तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिची आई जिवंत होती, ऊसतोडीला गेलेली. मी तिच्या आईची जागाच काढून घेतली होती. ते तोंड फिरवणं अजून डोळ्यांपुढं आहे.

म्हणून सांगते, स्वतःला आई म्हणवून घेऊ नका. मावशी, अक्का, बाई, मुलांना जे जमेल ते म्हणू द्या. पहिल्या रात्री प्रश्न विचारू नका. ट्रंक कुठं ठेवायची ते तिलाच ठरवू द्या आणि किल्ली तिच्याच गळ्यात राहू द्या. सकाळी खोबरेल तेल नि फणी घेऊन उंबऱ्यावर बसा. एकीची वेणी घालायला लागलात की बाकीच्या आपोआप रांगेत येतात. गुंता खालून वर सोडवत जा, मुळाशी केस धरून, म्हणजे ओढ लागत नाही. पाठमोरी बसलेली पोर बोलायला लागते. गोकाककडची असेल तर "ऊटा आतेन?", म्हणजे जेवण झालं का, एवढं तरी कन्नडात विचारा. घरून फोन आला की खोलीबाहेर जा.

आणि वही ठेवा. ताप कुणाला, कधी, औषध किती वाजता दिलं, सगळं त्याच दिवशी लिहायचं. मायेइतकीच वही लागते, कारण रात्री दोनला दवाखान्यात डॉक्टर तेच विचारतात.

त्या पोरीनं चौथ्या दिवशी फणी माझ्या हातात दिली. बोलली काहीच नाही, फक्त पुढ्यात येऊन पाठ करून बसली.