एफ-150 चा गिअरबॉक्स ठोके देतोय? आधी खाली वाकून बघा

2017 पासूनच्या फोर्ड एफ-150 या पिकअप गाडीतला दहा गिअरचा 10आर80 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्के देऊ लागला की लोक थेट गिअरबॉक्स उघडायला निघतात. थांबा. ठोका नेमका कधी येतो ते आधी ऐका.

गाडी थांबताना किंवा निघताना एकच ‘ठक्’ आला, तर संशय प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर घ्या. चाकं घरंगळू नयेत म्हणून ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या) कपात खेळ, म्हणजे सैलपणा दिसला किंवा भोवती गंजाची लाल पूड दिसली, तर जॉइंट बदला. खेळ नसेल, तर स्लिप योकच्या (शाफ्टच्या मागेपुढे सरकणाऱ्या जोडाच्या) दात्यांना ग्रीस लावून बघा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. पार्कमधून रिव्हर्स टाकताच दणका बसतो? मग गिअरबॉक्सचं माउंट, म्हणजे त्याला धरून ठेवणारा रबरी आधार बघा. रबर फाटलं की गिअरबॉक्स उचलला जातो.

धक्का चालत्या गाडीत, विशेषतः तिसऱ्या ते पाचव्या गिअरच्या बदलात येत असेल, तर ऑइल तपासा. ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं हवं, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये. थंड ऑइलची पातळी फसवते. यात मर्कॉन यूएलव्ही या प्रकारचंच ऑइल चालतं. जुनं मर्कॉन एलव्ही ओतू नका. ऑइल काळं, जळकट वासाचं असेल, तर क्लच झिजलेत.

ऑइल ठीक असेल, तर स्कॅनरने कोड वाचा, मग अडॅप्टिव्ह टेबल (गिअर बदलण्याबद्दल गाडीच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेली माहिती) पुसून गाडी सावकाश चालवा. आठवड्याभरात धक्के परतले, तर सीडीएफ ड्रमचं (गिअरबॉक्समधल्या क्लचच्या डब्याचं) बुशिंग, म्हणजे आतली कडी, सरकलेलं असू शकतं. त्याने ऑइलचा दाब गळतो. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.