नैवाशा आणि नाकुरूच्या काठावर पक्षी पाहताना या चुका टाळा

केनियाच्या सफारीचा बेत आखताना बहुतेकांचा सगळा जीव मसाई मारात अडकलेला असतो आणि खचदरीतली (रिफ्ट व्हॅलीतली) नैवाशा, नाकुरू ही सरोवरे वाटेवरचा थांबा म्हणून एका दुपारीत उरकली जातात. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे. काठावरची खरी हालचाल सकाळी नऊच्या आत आणि ऊन उतरल्यावर दिसते. भर दुपारी पोहोचणाऱ्याच्या वाट्याला चकाकणारे पाणी आणि पक्ष्यांचे काळे आकार येतात. निदान एक रात्र काठावर मुक्काम करावा आणि पाहताना सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी.

जुन्या छायाचित्रांवर विसंबून नाकुरूला गेलेले अनेक जण ‘रोहित पक्षी कुठे गेले?’ असे विचारत हिरमुसून परततात. तिथल्या रोहितांच्या दोन जातींपैकी लहान, म्हणजे धाकटा रोहित प्रामुख्याने खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो. 2010 नंतरच्या वर्षांत नाकुरूची पातळी इतकी वाढली की काठची झाडे आणि जुने रस्ते पाण्याखाली गेले, खारेपणा उतरला, शेवाळ घटले आणि थवे बोगोरियासारख्या सरोवरांकडे वळले. पाण्याचा रंगढंग बदलला की ते परततातही, म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी स्थानिक वाटाड्याला सध्या थवे कुठे आहेत हे विचारावे आणि बेतात बोगोरियासाठी एक दिवस मोकळा ठेवावा. ठाणे खाडीत रोहित पाहिलेल्यांना ओळख पटवणे जड जाणार नाही: धाकट्याची चोच गडद किरमिजी, तर थोरल्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते.

नैवाशाचे पाणी मात्र गोडे आहे आणि तेथे पाणघोडे आहेत. होडीतून त्यांचे फक्त कान आणि नाकपुड्या दिसतात, त्यामुळे ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह नावाड्याला केला जातो. तो कधीही करू नये. बुडी मारलेला पाणघोडा कोठे वर येईल हे सांगता येत नाही. नावाडी अंतर राखत असेल तर तो प्रवाशांच्याच जिवाची काळजी घेत असतो. दिवसभर पाण्यात राहणारे हे प्राणी अंधार पडला की चरायला काठावर, अगदी मुक्कामाच्या हिरवळीवरही येतात. रात्री रखवालदाराला सोबत घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये, आणि पाणघोडा व पाणी यांच्या मधे तर कोणत्याही वेळी उभे राहू नये.

मत्स्यगरुडाच्या छायाचित्रासाठी नावाडी शीळ घालून मासा फेकतात. झेप देखणी असते, हे मान्य. तरीही मी ती मागत नाही. फेकलेल्या माशावर झेपावणारा गरुड आपल्याला त्याची शिकार दाखवत नसतो.

दुर्बिणीतले चित्र सतत हलत असेल तर दोष बहुधा डोळ्यांचा नसतो. डुलणाऱ्या होडीत दहापट दुर्बीण स्थिर राहत नाही. आठपट, 42 मिलिमीटर भिंगाची घ्यावी आणि कोपरे छातीशी टेकवावीत.

निघण्यापूर्वीच्या दोन चुकाही महागात पडतात. पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ न ठेवल्यास भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरावे.

शेवटची चूक म्हणजे यादी पुरी करण्याच्या नादात होडी सतत पळवत ठेवणे. नैवाशात बुडून वाळलेल्या एखाद्या बाभळीजवळ इंजिन बंद करायला लावून अर्धा तास थांबावे. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. थोड्या वेळाने आपल्याकडच्या नदीवर दिसतो तोच कवड्या धीवर येतो, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, दगडासारखा खाली पडतो आणि चोचीतला मासा फांदीवर दोन-तीनदा आपटून गिळतो.