अतामीतली शांत रात्र: या चुका टाळा

अतामी हे समुद्रकाठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं जपानी गाव, तोक्योहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने पाऊण तासावर आहे. इतकं जवळ आहे म्हणून लोक रात्री आठला उतरतात, 'जेवायचं तिथे गेल्यावर बघू' म्हणतात आणि संध्याकाळ हातची घालवतात. गोव्याच्या बागा-कलंगुटचा हिशेब इथे लागू पडत नाही. अतामीची रात्र पाचला सुरू होते आणि दहापर्यंत बरीचशी आवरते. गाडी पकडतानाही बघून चढा: शिंकान्सेनमधली नोझोमी गाडी अतामीला थांबत नाही, कोदामा किंवा इथे थांबणाऱ्या मोजक्या हिकारींपैकी एखादी घ्यावी लागते.

र्‍योकानचं जेवण आणि बाहेरचं जेवण, दोन्ही एकाच रात्री

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या ठिकाणी, खोली बहुधा दुपारी तीनला मिळते आणि जेवण सहा-साडेसहाला लागतं. एकामागून एक येणारे पदार्थ संपवायला दीड-दोन तास लागतात, त्यानंतर इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, जाऊन खायला पोटात जागा उरत नाही. उशिरा पोहोचलात तर जेवण ठेवलेलं नसतं आणि पैसे सहसा परत मिळत नाहीत. बाहेर भटकायचं असेल त्या रात्रीसाठी 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली, बुक करा. दोन रात्री असतील तर एक अशी, एक तशी ठेवा. दार रात्री किती वाजता बंद होतं, हे खोली घेतानाच विचारा. लहान र्‍योकान अकराच्या सुमारास कुलूप लावतात.

आतषबाजी फक्त उन्हाळ्यात असते असं धरून चालणं

अतामीच्या खाडीवरची आतषबाजी 1952 पासून चालत आली आहे आणि ती वर्षभरात अनेकदा होते, थंडीतही. ती साधारण 8:20 ला सुरू होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपते. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे आवाज घुमतो, त्यामुळे दुरून बघण्यात मजा निम्मी होते. खोली बुक करण्याआधी तारखा पाहा. आतषबाजी नसेल त्या रात्री सन बीचवर जा: वाळूवर निळसर प्रकाशझोत सोडलेला असतो आणि गर्दी विरळ असते.

इझाकायातलं बिल आणि शाकाहार

न मागितलेली छोटी वाटी समोर आली की लोक परत पाठवायला बघतात. ती 'ओतोशी'. माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात आणि बसण्याचा आकार त्यातच आला. वाटीत बऱ्याचदा मासळी असते, म्हणून शाकाहारी असाल तर बसतानाच सांगा. शेवटची ऑर्डर दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतात. आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात सहा जणांचा घोळका मावत नाही, दोन-दोन, तीन-तीन करून जा. शाकाहारात निर्धास्त मागवावं असं एदामामे, मिठातल्या सोयाबीनच्या शेंगा. थंड तोफूवर मासळीचा कीस घालतात, तो नको असेल तर 'कात्सुओबुशि नाशि दे' म्हणा. रश्श्यात मात्र मासळीचा अर्क, म्हणजे दाशी, बहुतेक असतोच, वरची मासळी काढून तो शाकाहारी होत नाही. आणि रोख पैसे जवळ ठेवा.

'स्नॅक' म्हणजे खाण्याचं दुकान नव्हे

बंद दार, खिडकी नाही, आतून काराओकेचा आवाज: हा 'मामा', म्हणजे मालकीणबाई, चालवते तो छोटा बार. दार उघडून आधी 'इकुरा देसु का', म्हणजे 'किती पैसे?', विचारा. बैठकीचे साधारण 2,000 ते 4,000 येन होतात. त्यात काय येतं आणि गाण्याचे पैसे वेगळे का, तेही विचारून घ्या. काही ठिकाणी अनोळखी गिऱ्हाईक घेत नाहीत, तिथे हुज्जत घालू नका. धुराचा त्रास होत असेल तर दारातूनच अंदाज घ्या: 2020 मध्ये पूर्णपणे लागू झालेल्या धूम्रपान कायद्यात जुन्या लहान दुकानांना सवलत आहे.

पिऊन ओनसेनमध्ये उतरणं

ओनसेन म्हणजे गरम पाण्याचा झरा, आणि अतामीतले बरेच झरे खारट आहेत. क्षाराचा पातळ थर त्वचेवर राहिल्याने घाम लवकर उडत नाही आणि अंग बराच वेळ गरम राहतं. दारूने आधीच खाली आलेला रक्तदाब गरम पाण्यात आणखी घसरतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. म्हणून आंघोळ जेवणाआधी उरका, बाहेर आल्यावर पाणी प्या, मग साके, म्हणजे तांदळाची दारू. प्यायल्यावर ओनसेन दुसऱ्या दिवशी सकाळी.

परतीचा रस्ता आधी न बघणं

स्टेशन उंचावर, किनारा खाली. उतरताना पंधरा-वीस मिनिटं लागतात, चढताना दम निघतो, आणि गेता, म्हणजे लाकडी चपला, घालून तर पाय मुरगळतो, बूट घाला. भाड्याची गाडी घेतली असेल तर दारूचा थेंबही नको. श्वासात लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं की गुन्हा लागतो आणि शेजारी बसणाराही अडकू शकतो. नोव्हेंबर 2024 पासून सायकललाही हीच मर्यादा आहे. रात्री रस्त्यावर टॅक्सी मिळेलच असं नाही. बिल मागतानाच दुकानदाराला टॅक्सी बोलवायला सांगा.