अंबाझरीच्या रानात काही दिसावं यासाठी काय करावं

पेंच-ताडोब्याला जिप्सी करून जाणारे नागपुरात घरोघरी सापडतील. पण अंबाझरी तलावाला लागून साडेसातशे हेक्टरांच्या आसपास पसरलेलं जैवविविधता उद्यान आहे, तिथून येणारे पुष्कळ जण म्हणतात, "फिरणं झालं, पण दिसलं काहीच नाही." रान रिकामं नसतं. आपण फार भराभर चालतो. इथं दिलेली पद्धत गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सच्या पायवाटांनाही चालते.

आधी एकच वाट ठरवा. सगळं उद्यान एका सकाळी पायाखाली घालायचा मोह सोडा. जिथं पाणी, मोकळं गवत आणि झाडी एकमेकांना भेटतात असा अर्ध्या किलोमीटरचा तुकडा निवडा. पक्षी अशा काठांवरच जास्त असतात, कारण खाणं, पाणी आणि लपायची जागा, तिन्ही जवळ मिळतं. महिनाभर दर रविवारी त्याच तुकड्यावर जा. पहिल्या खेपेला सगळं नुसतं हिरवं-भुरकट दिसेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र कोतवाल कोणत्या फांदीवरून झेप घेतो, मुंगूस कुठून रस्ता ओलांडतं, हे तुम्हीच दुसऱ्याला सांगाल.

वेळ गाठा. नागपुरात मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरअखेरीस पावणेसात होतात. उजाडल्यापासूनचे दोन तास खरे. गेट कधी उघडतं आणि कोणत्या वारी बंद असतं, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. तलावाच्या काठी ऊन पाठीशी येईल अशा बाजूला उभं राहा, नाहीतर बदकांच्या नुसत्या काळ्या सावल्या दिसतील.

कपडे मातीच्या रंगाचे, पँट पायभर. गवताची कुसळं मोज्यात रुतली की सारं लक्ष तिथंच जातं. अत्तर लावू नका, झाडावर आग्यामोहोळ असू शकतं. पाण्याची बाटली आणि टोपी बारा महिने लागते; मे महिन्यात दुपट्टाही घ्या आणि साडेआठला परत फिरा. दुर्बीण घेणार असाल तर ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

मग थांबा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वाटेच्या कडेला एखादा दगड पाहून बसा आणि दहा मिनिटं हलू नका. मोबाइल मुका करा. काही दिसलं तर हात उंचावून दाखवू नका, सोबत्याला हळूच शब्दांत सांगा. तुम्ही आलात की आधी सातभाई पक्ष्यांचे थवे कलकलाट करून सगळ्यांना सावध करतात. तो ओसरला की रान पुन्हा आपल्या कामाला लागतं. समोरच्या काटकीवर वेडा राघू असेल तर त्याच्यावरून नजर काढू नका. तो हवेतून मधमाशी पकडून बहुधा त्याच काटकीवर परततो, तिला फांदीवर आपटतो, घासतो, नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. चालता चालता हे कधीच दिसत नाही.

अशाच एका मे महिन्यात तिथल्या चौकीदाराने मला अडवलं होतं. "भाऊ, तिकून नका जाऊ, टिटवी बसली हाये." मला नुसते खडे दिसत होते. तो बोट न दाखवता सांगत गेला, तेव्हा कुठे चार अंडी दिसली. उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची, टोकं आत वळवून मांडलेली. आम्ही मागे सरून झाडाखाली बसलो. थोड्या वेळानं टिटवी पाण्याकडून आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. नागपूरच्या उन्हात ती अंडी अशी गार ठेवते. म्हणूनच पायवाट सोडून चालू नका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आल्या पावली मागे फिरा. फोटोसाठी पुढे सरकलात तर ती उठलेलीच राहते आणि अंडी उन्हात तापतात.

ऋतू पाहून नजर ठेवा. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळी शोधा, तिथं सुगरणीची घरटी असतात. नर घरटं अर्ध्यावर विणून थांबतो, मादी ते तपासते, तिला पटलं तरच तो खालची नळी विणून पूर्ण करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लटकलेली दिसतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलावाकडे पाहा, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे पाहुणे याच दिवसांत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पळसाखाली उभं राहिलं तरी पुरे. शिंजीर, बुलबुल, मैना मधासाठी तिथंच येतात.

अंतर राखा. रोही, म्हणजे नीलगाय, दिसला तर जागच्या जागी थांबा, त्याला जाऊ द्या. पाळीव कुत्रं आणू नका. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत पक्षी त्यांना प्रतिस्पर्धी समजून हैराण होतात. बिस्किटं, मुरमुरे कुणालाही घालू नका. तर्री-पोहे बाहेर पडल्यावर खा. एखादा प्राणी जखमी दिसला तर हात न लावता चौकीदाराला सांगा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना नावं पाठ करायला लावू नका. खिशात छोटी वही ठेवा आणि त्यांनाच लिहू द्या: तारीख, वेळ, कुठल्या झाडावर, काय करत होता. नाव माहीत नसेल तर "लाल बुडाचा, डोक्यावर शेंडी" एवढं पुरतं. घरी येऊन पुस्तकात शोधताना तो बुलबुल निघतो, आणि पुढच्या रविवारी पोरं तुमच्या आधी उठून बूट घालतात.