भ्रूण मोजण्याआधी: गोगलगायींवरच्या हॉर्मोन-चाचणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

हॉर्मोनसदृश रसायनांचा गोड्या पाण्यातल्या कवचधारी जिवांवर होणारा परिणाम शिकायचा तर सुरुवात शिंपल्यांपासून करू नका. पोटॅमोपिर्गस अँटिपोडॅरम ही चिमुकली गोगलगाय घ्या. चाचणीसाठी पाळलेल्या वाणात माद्याच असतात, नराविना पिल्लं देतात आणि भ्रूण अंगातल्या पिशवीत वाढवतात. ओईसीडीची (रसायनांच्या प्रमाणित चाचण्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) २०१६ची २४२ क्रमांकाची चाचणी हिच्यावरच बेतलेली आहे: ३.५ ते ४.५ मिलिमीटर उंचीच्या गोगलगायी, बरणीत ६, तापमान १६ अंश, मुदत २८ दिवस. प्रत्येक मात्रेला ४ बरण्या, नियंत्रण गटाला (रसायन न घातलेल्या) ८.

भांडी काचेचीच हवीत. एथिनिलएस्ट्राडिऑलसारखी (गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हॉर्मोन) स्टेरॉइडं प्लास्टिकला आणि रबरी नळीला चिकटतात, मग वहीतली मात्रा आणि पाण्यातली मात्रा यांचा मेळ बसत नाही. म्हणून ताजं पाणी भरल्यावर आणि पुढच्या वेळी ते बदलण्याआधी, दोन्ही वेळा नमुना घेऊन मोजा. रसायन विरघळवायला वापरलेलं द्रावक लिटरमागे ०.१ मिलिलिटरच्या वर नको, आणि नुसत्या द्रावकाचा गट वेगळा ठेवाच. उरलेलं खाद्य काढून टाका. ते कुजतं, शिवाय रसायन शोषून घेतं. सोयाबीन असलेलं खाद्य टाळा, त्यात वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन असतात.

खरी कसोटी मोजणीत लागते. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात गोगलगाय बधिर करा, कवच हलक्या हाताने फोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिशवी उघडा. पुढच्या बाजूला इवलंसं कवच आलेले भ्रूण दिसतील, मागे कवच नसलेले मऊ गोळे. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा. पिशवीत भ्रूणच नसतील तर रसायनाला दोष देण्याआधी चपटकृमी शोधा. हे परजीवी गोगलगायीला वांझ करतात, आणि त्यांच्या गोल पांढऱ्या पुटी नवख्या नजरेला कोवळ्या भ्रूणांसारख्या वाटू शकतात. नदीतून आणलेल्या गोगलगायींत हा धोका मोठा. शिंपल्यांची जननग्रंथीही चपटकृमी अशीच पोखरतात.

आकडेवारीत एकक बरणी धरा. ४ बरण्यांतल्या २४ गोगलगायी म्हणजे २४ स्वतंत्र नमुने नव्हेत, ४च. ही चूक सर्रास होते आणि नसलेला परिणाम ठळक दिसतो. नियंत्रण गटात २० टक्क्यांहून जास्त गोगलगायी दगावल्या तर चाचणी बाद समजा, पुन्हा लावा.

अर्थ लावतानाही माशांवरचे निष्कर्ष इथे आणू नका. तपासलेल्या अनेक मृदुकाय प्राण्यांत (गोगलगायी, शिंपले वगैरे) इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे हॉर्मोनचा संदेश पकडणारं पेशीतलं प्रथिन, इस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनला प्रतिसादच देत नाही. जहाजांच्या रंगात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिलटिनमुळे सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं, ते आरएक्सआर या वेगळ्याच ग्राहकामार्फत. तेव्हा भ्रूणांची संख्या वाढली एवढ्यावरून ‘इस्ट्रोजेनचा परिणाम’ असं लिहू नका. संख्या लिहा आणि मोजलेली मात्रा लिहा.